देवघरातला समुद्र

“मॅम, हे सगळं तुम्ही फेकता ना?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि अबोलीला वाटलं, हॉलमधले पंखेसुद्धा फिरायचे थांबले. मागच्या रांगेत पलक आणि पूर्वा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फुसफुसत होत्या. पैज त्यांचीच. “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार. नाहीतर महिनाभर तुझ्या डब्यातली शेव आमची.” आता गोष्ट शेवेवर आल्यावर इंदूरची मुलगी मागे हटते होय?

गेल्या वर्षी हीच अबोली हजेरी देतानाही बाकाखाली बघायची. मग स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐन वेळी तापानं आडवी झाली, कुणीतरी माइक हिच्या हातात कोंबला, आणि आपण बोललो की माणसं माना वळवून ऐकतात, हा शोध तिला लागला. तेव्हापासून धरणाचा दरवाजा उघडला तो उघडलाच. आजोबा म्हणायचे, “हिचं नाव बदलून घ्या रे, लोक आपल्याला लबाड म्हणतील.”

समोर शलाका मॅम उभ्या होत्या. उंच, आखूड केसांच्या, कुर्त्याच्या बाहीवर निळा रंग वाळलेला. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जनावरं रंगवायची, संग्रहालयांसाठी आणि मुलांच्या पुस्तकांसाठी, हेच त्यांचं काम. दोन शनिवार त्या शाळेत शिकवायला येणार होत्या आणि हॉलच्या भिंती त्यांच्या चित्रांनी भरल्या होत्या. लांब मानेचे डायनासोर, पिसांचे डायनासोर, आणि मधोमध एक भलामोठा काळानिळा समुद्र. त्या समुद्रात गोल वेटोळ्यांचे शंख तरंगत होते, आणि प्रत्येक शंखातून झुबकेदार हात बाहेर आले होते. खाली लिहिलं होतं : अमोनाइट. “जिलबीला हात फुटलेत,” असं पलक आल्या आल्याच म्हणाली होती.

“नाव काय तुझं?” मॅमनी विचारलं.

“अबोली.”

सगळा हॉल खदखदला. मॅमही हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “फेकते.”

हसू जागच्या जागी विरलं.

“हाडं खरी असतात. पायांचे ठसे खरे. दगडात राहिलेला शंख खरा. बाकी कातडी, रंग, डोळ्यातला भाव, सगळं मी ठोकून देते. पण हवेतून नाही ठोकत. उसनं आणते. ये इकडे. ही पाठ कुठे बघितलीयेस?”

अबोली चित्राला नाक लावण्याइतकी जवळ गेली. खवले, उंचवटे, हिरव्यावर काळसर झाक. “कारलं?”

“कारलंच! ही मान सिरपूर तलावावरच्या बगळ्याची. ही चाल उंटाची, बायपासवरून मेंढ्यांबरोबर जातात ना, त्या उंटांची. आणि हा डोळा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा. पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली, असं विचारतात तेव्हाचा.”

“आणि हा समुद्र?”

“हा तर खराच होता. आज हिमालय जिथे उभा आहे ना, तिथे हा समुद्र होता. समुद्राचा तळ उचलला गेला आणि डोंगर झाला. हे शंखवाले त्यातच राहत होते.” मॅम मुलींकडे वळल्या. “पुढच्या शनिवारी प्रत्येकीनं एक वस्तू आणायची. जी रोज डोळ्यांसमोर असते आणि कधी बघितलेली नसते. तिच्यातून एक जनावर काढायचं. आणि अबोली, तुझं जनावर मी सगळ्यात आधी बघणार. विचारलंस ना? आता भोग.”

“गेली भैंस पानी में,” मागून पूर्वा कुजबुजली.

त्या आठवड्यात अबोलीचे डोळे ठिकाणावर नव्हते. सकाळी पोह्यांची बशी समोर आली की तिला पिवळं माळरान दिसायचं, शेवेचं वाळकं गवत, आणि त्यात डाळिंबाच्या दाण्यांची लाल अंडी कोणीतरी घालून ठेवलेली. चमचा उचलताना बिचारीला पापी वाटायचं. (खायची मात्र सगळं.) गच्चीतल्या पाण्याच्या टाक्या म्हणजे काळ्या पाठीची जनावरं, ऊन खात बसलेली. स्कूल बस इंदूरबाहेरच्या राऊच्या चौकातून वळली की ती हत्तीणीसारखी उसासा टाकायची, आणि रस्त्याकडेची बोगनवेल हळूच अंग चोरून घ्यायची. असं ते सगळं हलायला, श्वास घ्यायला लागलं होतं, आणि अबोली त्यातून तरंगत चालायची.

“आई, थांब!” एकदा ती स्वयंपाकघरात ओरडली. “फ्लॉवर कापू नकोस, ते जंगल आहे. त्यात कोणीतरी राहतंय.”

“अळी असेल. मिठाच्या पाण्यात घातलाय,” आई म्हणाली आणि सुरी चालवली.

पण जनावर काही सापडेना. बघायला खूप होतं, आणि हेच ते, असं मन कशाहीबद्दल म्हणेना. जी वस्तू जन्मापासून डोळ्यांसमोर होती ती तर तिला सुचलीच नाही. कशी सुचणार? तिच्याकडे बघायचं ते नमस्कारापुरतं, आणि नमस्कार करताना डोळे मिटलेले.

ती वस्तू म्हणजे त्यांच्या देवघरातला शाळीग्राम. चिकूएवढा काळा गुळगुळीत दगड, एका अंगाला छोटंसं तोंड. पणजोबा होळकर दरबारात कारकून होते. त्यांनी मुक्तिनाथाची यात्रा केली तेव्हा गंडकी नदीतून तो आणला. जुनी इंदूर मोहल्ल्यातलं घर सुटलं, राऊकडे नव्या सोसायटीत फ्लॅट झाला, देवघर भिंतीतल्या कपाटात आलं, पण शाळीग्रामाचे नियम होते तसेच राहिले. एक, तो विष्णूच, म्हणून त्याला एकही दिवस पारोसा, बिनआंघोळीचा ठेवायचा नाही. आणि दुसरा, घरातल्या बायकांनी त्याला हात लावायचा नाही.

या दोन नियमांच्या मध्येच सगळं अडलं होतं. आजोबांचे, म्हणजे चिंतामणरावांचे हात वर्षभरापासून थरथरायला लागले होते. बाबांना पीथमपूरच्या कारखान्याची बस उजाडायच्या आत गाठावी लागायची. आणि घरात मुलगा नाही. शेवटी मोठ्यांनी बसून ठरवलं, शाळीग्राम पुण्याच्या काकाकडे द्यायचा. काकाच्या यशची मुंज मे महिन्यात झालीच होती. काका रविवारी एका लग्नाला इंदूरला येणार होता, जाताना घेऊन जाणार होता.

“पुढे कोण करणार मग?” आई म्हणाली होती.

“बरं,” एवढंच आजोबा म्हणाले होते. आणि त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसून नुसते चॅनेल बदलत राहिले होते.

यशचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, तो काळ्या अंड्यासारखा देव ना? ओके, पाठवा.” यश वाईट मुलगा नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तसं तर अबोलीलाही नव्हतं विचारलं, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. एक दगड इथून तिथे जाणार, जाऊ दे.

शुक्रवारी सकाळी थंडी अशी होती की गीझरलाही हुडहुडी भरावी. अबोली पांघरुणातून कशीबशी निघून, तोंडात ब्रश घालून, डोळे अर्धे मिटून हॉलमधून चालली होती. आजोबा स्टुलावर बसून पूजा करत होते. ताम्हणात शाळीग्राम, हातात पळी. पळीतलं पाणी निम्मं ताम्हणात, निम्मं धोतरावर. मग पुसण्यासाठी त्यांनी शाळीग्राम उचलला, आणि ओल्या बोटांतून तो सटकला.

कपाटाच्या कडेला एकदा आपटला. तिथून हवेत.

पुढे काय झालं ते अबोलीच्या डोक्यानं ठरवलं नाही, हातांनी ठरवलं. ती गुडघ्यांवर घसरत गेली, दोन्ही तळवे पुढे, आणि फरशी वीतभर राहिली असताना तो थंडगार, ओला, आकाराच्या मानानं भलताच जड दगड तिच्या ओंजळीत येऊन बसला.

घरात कोणी हललं नाही. कोण हलणार? आई खाली दूध आणायला गेली होती. तोंडात टूथपेस्टचा फेस, अंगावर रात्रीचे कपडे, आंघोळीचा पत्ता नाही, आणि त्यात मुलगी. मोडण्यासारखं जे जे होतं ते सगळं अबोलीनं एका दमात मोडलं होतं.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. “आंघोळ?” त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

आजोबांनी दगडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “असू दे. त्याचीही अर्धीच झालीय.”

अबोलीला हसू फुटलं, फेस हनुवटीवर आला. तो मनगटानं पुसताना तिची नजर ओंजळीत गेली. बाल्कनीतून कोवळं ऊन आत येत होतं. शाळीग्रामाचं तोंड नेमकं उन्हाकडे वळलेलं होतं, आणि ऊन आत शिरलं होतं.

आत एक वाट होती. गोल गोल, आत आत जाणारी, बारीक बारीक कंगोऱ्यांची, आणि त्या कंगोऱ्यांवर सोन्यासारखं काहीतरी चमकत होतं.

ही वाट तिनं बघितली होती. शाळेच्या हॉलमध्ये, काळ्यानिळ्या पाण्यात.

मग काय झालं म्हणून सांगावं! फ्लॅटच्या भिंती आधी पातळ झाल्या. फरशीच्या फटींतून पाणी वर आलं, न भिजवणारं, न बुडवणारं. सोफा तळाशी खडकासारखा बसला. बाल्कनीतली तुळस लांब लांब झाली आणि समुद्रातल्या गवतासारखी झुलायला लागली. पाणी वाढत खिडकीबाहेर गेलं, सोसायटीच्या टाक्या बुडाल्या, राऊचा चौक बुडाला, बायपासवरचे ट्रक हळू हळू माशांसारखे सरकू लागले. आणि वरून, उजेडातून, काळे गोल शंख उतरले, शेकड्यांनी, सावकाश, जणू त्यांना कुठेही पोचायची घाई नव्हती. हिमालय अजून झालाच नव्हता. गंडकी नव्हती. मुक्तिनाथ नव्हता. नियम करायला अजून माणूससुद्धा आला नव्हता. फक्त पाणी होतं, आणि त्यात कोणीतरी होतं.

“बेटा,” आजोबा म्हणाले. “काय दिसतंय?”

“आजोबा, आत कोणीतरी झोपलंय.”

“ते चक्र. विष्णूचं चक्र म्हणतात त्याला.”

“आजोबा, तो शंख आहे. समुद्रातल्या जनावराचा. हिमालयाच्या जागी समुद्र होता ना, तेव्हाचा. शलाका मॅमच्या चित्रात आहे, अगदी असाच!” आणि मग तिला वाटलं, बोलून बसले. देवाला जनावर म्हटलं.

आजोबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. तिच्या ओंजळीवर वाकून, एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ आत बघितलं.

“असेल जनावर,” ते म्हणाले. “मासा झाला, कासव झाला, डुक्कर झाला. शंखातलं जनावर व्हायला त्याला काय होतंय?”

“आजोबा! तुम्ही एकदम भारी आहात, भिया!”

“मला भिया म्हणू नकोस, मी काय तुझा भाऊ आहे? आण, पुसू दे त्याला. नाही, थांब. तूच पूस. माझा भरवसा नाही.”

तिनं पुसलं. गंध आजोबांनी लावलं, ते थोडं वाकडं लागलं. त्यावर तुळशीचं पान तिनं ठेवलं. खालून लिफ्टचा आवाज आला तशी दोघं भानावर आली.

“आईला सांगायचं?” अबोलीनं हळूच विचारलं.

“तू ठरव. इतकं बोलायला लागलीयेस तर कधीतरी कामाचंही बोल.” आणि मग देवघराकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे ते म्हणाले, “सोमवारी या वेळेला ही जागा रिकामी असेल.”

अबोलीनंही तिकडे बघितलं. कालपर्यंत जाणारा तो एक दगड होता. आज तो कोणीतरी होता, आणि त्याच्याशी नुकती कुठे ओळख झाली होती.

शनिवारी मुलींनी हॉलमध्ये आपापल्या वस्तू मांडल्या. पलकनं केसांचा मोठा क्लचर आणला होता आणि त्याचा दातांचा राक्षस केला होता. पूर्वानं सरळ कारलं आणलं होतं. मॅम म्हणाल्या, “हे माझंच मला परत करतेयस होय?” अबोलीचं टेबल रिकामं होतं.

“वस्तू?”

“घरी आहे मॅम. तिला आणता येत नाही. चित्र आणलंय.”

गुंडाळी उलगडली. बुडलेलं राऊ, तळाशी झोपलेली बस, तुळशीचं रान, आणि मधोमध काळा शंख, सोनेरी कंगोऱ्यांचा. शंखातून बाहेर आलेले हात मॅमच्या चित्रातल्या हातांसारखे झुबकेदार नव्हते. लांब होते, सुरकुतलेले. कागदावर स्थिर असूनही ते किंचित थरथरत होते.

पलक टेबलाला खेटून उभी राहिली. मग म्हणाली, “यार, हे जिवंत आहे.”

मॅमनी चित्रावरून नजर न काढता विचारलं, “हे हात कुठून उसने आणलेस?”

“आजोबांचे आहेत.”

मॅमनी चित्र उजेडाकडे सरकवलं. मग शंखाच्या तोंडाशी बोट नेऊन म्हणाल्या, “इथे मात्र फेकलंयस. आतली वाट एक वेढा जाते आणि पुसट होते. का?”

“तेवढंच बघितलं. एकदाच बघायला मिळालं.”

“मग अजून बघ. सिरपूरच्या त्या बगळ्याकडे मी एक अख्खा हिवाळा रोज सकाळी जात होते, तेव्हा कुठे मान जमली. एकदा बघून फक्त आश्चर्य वाटतं गं. ओळख रोज बघून होते.”

रोज. परतीच्या बसमध्ये तो शब्द अबोलीच्या मांडीवर मांजरासारखा बसून होता. रोज त्याच्याकडे कोण बघतं? पूजा करणारा. सकाळच्या उजेडात तो कोणाच्या हातात असतो? पूजा करणाऱ्याच्या. उचलायचा, पाणी घालायचं, वळवायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा. आजोबा एवढी वर्षं जे करत होते ते काय होतं मग? खिडकीबाहेर बोगनवेल श्वास घेत होती आणि अबोलीच्या छातीत काहीतरी सावकाश, काळं आणि गोल, वर वर येत होतं.

घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर स्टीलचा डबा उघडा होता. आई त्यात जुन्या खणाचा तुकडा नीट अंथरत होती. शाळीग्राम प्रवासात हलायला नको म्हणून कडेला कापूस. बाबांची सुट्टी होती, ते काकाशी फोनवर बोलत होते. “हो हो, जेवायलाच ये. डबा तयार आहे.” आजोबा बाल्कनीत तुळशीची पानं खुडत होते. वाटेत लागतील म्हणून. त्यांची पाठ हॉलकडे होती.

“बाबा, फोन ठेवू नका,” अबोली म्हणाली. “काकांना थांबायला सांगा.”

“काय झालं?”

तिनं चित्र टेबलावर पसरलं, डब्यावरच. आईनं बघितलं. बाबांनी फोन कानापासून लांब धरून बघितलं.

“हे काय गं? छान आहे. पण हे...” आईचं बोट काळ्या शंखावर थांबलं. “हा आपला...”

“हो. मी आत बघितलं. काल आजोबांच्या हातून निसटला, मी झेलला. आंघोळ झाली नव्हती माझी. तोंडात ब्रश होता.”

“अबोली!” आई खुर्चीत बसलीच. “शाळीग्रामाला? पारोशी? अगं, मुलींनी त्याला हात...”

“नसता लावला तर फरशीवर पडला असता. मग काय दिलं असतं काकांना, तुकडे?”

बाल्कनीतून आवाज आला. “झेलला तिनं. विकेटकीपरसारखा. आणि पुसलाही नीट. माझ्यापेक्षा नीट.”

आईनं दारापलीकडे आजोबांकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा चित्राकडेच बघत होते. फोनमधून काका “हॅलो, हॅलो” करत होता.

“आई, दोन नियम आहेत ना? पारोसा ठेवायचा नाही आणि मुलींनी शिवायचं नाही. दोन्ही पाळायला त्याला घराबाहेर काढतोय आपण. एवढ्या लांबून आलाय तो. समुद्रातून, हिमालयातून, जुनी इंदूरमधून. आणि आता डब्यात?”

“अगं, नियम मी केलेत का?” आईचा आवाज अर्धा चिडका, अर्धा रडवेला झाला. “सासूबाई मला दुरूनच दाखवायच्या. रोज करायचं असतं ते, बेटा. हौस नसते ती. उद्या परीक्षा आली, परवा कंटाळा आला. सकाळी तुला तीनदा हलवावं लागतं. आणि महिन्याचे चार दिवस?”

“चार दिवस बाबा बसच्या आधी उठतील. एक पळी पाणी घालायला किती वेळ लागतो? हो ना बाबा?”

बाबांनी आधी आईकडे बघितलं. मग हळूच मान हलवली, होकाराची की कोड्यात पडल्याची, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

अबोलीनं डब्यातला खण उचलला, झटकला, आणि घडी घालून आईच्या हातात दिला. आजोबा ओंजळीत तुळस घेऊन दारात येऊन उभे होते. पानं थरथरत होती, समुद्रातल्या गवतासारखी. माइक हातात आला तेव्हासुद्धा तिच्या आवाजात कंप होता. आता नव्हता.

“आई, बाबा, मी ठरवलंय. तो कुठेही जाणार नाही. उद्यापासून शाळीग्रामाला आंघोळ मी घालणार, आजोबा शेजारी बसून मंत्र म्हणतील. रोज घालणार. मला अजून तो नीट बघायचाय.”